नववा फर्मा

"मावशी, नऊ तेवढा नीट बघून घ्या हं. एक आणि नऊ सारखेच दिसतात."

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेले हे पहिले वाक्य. पुस्तकाला कान नसतात, हे मला कबूल आहे. पण मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. तेव्हा निदान कान तरी आहेत असे मला म्हणू द्या. माझे सगळे आयुष्य ऐकण्यातच गेले.

मी एक जुनी कादंबरी आहे. एका लाजऱ्या बाईला प्रेम कसे सापडते, त्याची गोष्ट माझ्या पोटात आहे. ही बाई समुद्रकाठच्या एका गावात टेलिफोन केंद्रात काम करते. दिवसभर इकडची तार तिकडे जोडून देते. माझे पहिलेच वाक्य असे आहे: "त्या गावात तिचा आवाज सगळ्यांना ठाऊक होता, चेहरा कुणालाच नाही." लांबच्या दीपगृहावर दिवा लावणारा एक माणूस रोज संध्याकाळी फोन करतो आणि आज समुद्र कसा आहे ते तिला सांगतो. ती नुसते "बरं" म्हणते. असे पुष्कळ दिवस चालते. शेवटी एकशे अठ्ठाविसाव्या पानावर तो माणूस केंद्राच्या दारात येऊन उभा राहतो आणि विचारतो, "माझ्याबरोबर याल का?" त्या पानाची शेवटची ओळ अशी आहे: "तिने मान वर केली आणि ती म्हणाली,"

ती काय म्हणाली, ते मला ठाऊक नाही.

हसू नका. खरेच ठाऊक नाही. ते कसे झाले, ते सांगते.

छापखान्यात एक मोठा कागद छापून त्याच्या घड्या घातल्या की सोळा पाने होतात. या सोळा पानांच्या जुडीला फर्मा म्हणतात. मी नऊ फर्म्यांची. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर, खाली कोपऱ्यात, त्याचा आकडा बारीक छापलेला असतो. त्या वेळी अक्षरे शिशाच्या खिळ्यांनी जुळवत असत, आणि नवाचा खिळा वापरून वापरून झिजला होता. त्याचे वळण कागदावर उमटेचना. त्यामुळे नऊ हा एकासारखाच दिसे.

बांधणीच्या खोलीत एक गोल टेबल होते. त्यावर नऊ फर्म्यांचे नऊ गठ्ठे गोलाकार मांडलेले. मावशी त्या टेबलाभोवती फेऱ्या घालत. एका फेरीत नऊ गठ्ठ्यांवरून नऊ फर्मे उचलले की एक पुस्तक जमायचे. त्या मनात आकडे म्हणत चालत, जपमाळ ओढावी तशा. पण टेबल गोल असल्यामुळे नवाच्या शेजारी पुन्हा एकाचा गठ्ठा. थोरले बाइंडर म्हणूनच सकाळी त्यांना बजावून गेले होते.

माझी फेरी चालू असताना दारातून कुणीतरी हाक मारली, "मावशी, चहा निवतोय."

मावशींनी मान वळवून "आले," म्हटले आणि एक पाऊल जास्त टाकले. इतकेच. त्यांचा हात नवावर पडायचा तो एकावर पडला. त्यांचे काही चुकले असे मी कधी म्हणणार नाही. दिवसभर उभे राहून पाय भरून आले असतील, तर कुणाचेही एक पाऊल जास्त पडेल.

संध्याकाळी टेबल रिकामे झाले, तेव्हा नवाचा एक फर्मा उरला. थोरल्या बाइंडरांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"मावशी, कुणाच्या तरी पोटात एकाचेच दोन फर्मे गेले बघा."

"अरे देवा. शोधू का?"

"हजार पुस्तकं शिवून, पुठ्ठे चढून बसलीत. आता एकेकाचं पोट कोण तपासणार?"

मावशींनी तो उरलेला फर्मा घेतला, झटकला आणि वरच्या फळीवर नीट ठेवला. "राहू दे इथं," त्या हळूच म्हणाल्या, "जिचा आहे ती कधी आली परत, तर लावून देईन."

मी तिथेच होते. समोरच्या ढिगात, वरून चौथी. "मावशी, ती मी," एवढेच मला म्हणायचे होते. पण पुस्तक मिटलेले असले की मुकेच. दुसऱ्या दिवशी मला खोक्यात घातले, आणि तो नववा फर्मा मी परत कधी पाहिला नाही.

मला एका लहानशा वाचनालयाने घेतले. एकच खोली, सहा कपाटे, लांब टेबल, भिंतीवर लंबकाचे घड्याळ. माझ्या पाठीवर क्रमांक चिकटवला, शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी लावली. हे सगळे ज्या हातांनी केले, ते हात मी आजही ओळखेन. बोटे बारीक, नखे स्वच्छ, आणि डिंक पुसायला एक ओले फडके नेहमी जवळ.

त्या बाई तिथल्या ग्रंथपाल होत्या. वाचक त्यांना पाठीमागे पाटीबाई म्हणत. कुणी मोठ्याने बोलले, तर त्या "शांत राहा" असे म्हणत नसत. नुसती पेन्सिल उचलून भिंतीवरच्या "शांतता राखा" या पाटीकडे दाखवत, आणि ते दाखवतानाही स्वतःच लाजत. पण त्यांच्या नेमात कधी खंड पडला नाही. रोज वाचनालय उघडले की आधी हात जोडायचे, मग एक फळी पुसायची. एकच. सहा कपाटांच्या छत्तीस फळ्या छत्तीस दिवसांत पुसून होत, आणि सदतिसाव्या दिवशी पुन्हा पहिली.

सुरुवातीची वर्षे माझी बरी गेली. अकरा जणांनी मला घरी नेले. शेवट नाही, हे कुणाच्याच लक्षात आले नाही. काहींनी अर्ध्यात सोडले, काहींनी चाळून परत दिले. एक आजी तर दुसऱ्यांदा सुरू झाल्यावरही तशाच वाचत गेल्या आणि परत देताना म्हणाल्या, "चांगली आहे हो. पण शेवट अगदी सुरुवातीसारखाच केलाय." हे माझे कौतुक होते की तक्रार, ते मला अजून कळलेले नाही.

बारावा वाचक घड्याळजी.

वाचनालयापासून चौथ्या वळणावर त्यांचे घड्याळ दुरुस्तीचे दुकान होते. भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला ते दर शनिवारी दुपारी चारला येत. स्टुलावर चढत, चावी देत, लंबक थांबवून पुन्हा हलवत आणि उतरताना विचारत, "बाई, तुमच्याकडे किती वाजले?" ग्रंथपालबाई त्या घड्याळाकडेच बोट दाखवत. दर शनिवारी हाच विनोद. आणि दर शनिवारी बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल होत.

एका शनिवारी घड्याळजी म्हणाले, "एखादं बारीक पुस्तक द्या ना. माझ्या टेबलाच्या खणात मावेल असं. तेल मुरेपर्यंत घड्याळाकडे नुसतं बघत बसावं लागतं, तेवढा वेळ वाचीन म्हणतो."

बाईंनी फळीवरून हाताला लागले ते बारीक पुस्तक काढून दिले. ती मी. माझ्या पुठ्ठ्यावर दीपगृहाच्या खाली दोघे उभे असलेले चित्र आहे. ते चित्र बाईंनी पाहिले तेव्हा मी घड्याळजींच्या हातात गेले होते, आणि परत मागून घेण्याइतका धीर त्यांना नव्हता.

आठ दिवस मी त्या खणात होते, चिमट्यांच्या आणि बारीक स्क्रूंच्या डब्यांच्या शेजारी. घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावून काम करत. वाचतानाही ते काढायला विसरत. मग स्वतःशीच हसत आणि भिंग कपाळावर सरकवत. इतके सावकाश मला कुणीच वाचले नव्हते.

पुढच्या शनिवारी ते मला घेऊन आले, चावी दिली, आणि टेबलासमोर उभे राहिले.

"बाई, हे पुस्तक माझ्याच धंद्यातलं दिसतंय."

बाईंनी वर पाहिले. म्हणजे त्यांच्या हनुवटीपर्यंत पाहिले.

"बारा वाजून गेले की पुन्हा एकावर येतं. हे बघा. ती म्हणाली, स्वल्पविराम, आणि पुढे पान एक. परत आपली टेलिफोनपाशी बसलेली. लेखकाने मुद्दाम केलंय का हो?"

बाईंनी मला हातात घेतले, पाने उलटली. जणू ती पाने त्यांनीच फाडली असावीत असा त्यांचा चेहरा झाला. "नाही," त्या म्हणाल्या, "बांधणीत चुकलंय. फर्मा बदललाय."

"मग ती काय म्हणाली?"

"मी वाचलेलं नाही."

"मग वाचा. आणि पुढच्या शनिवारी मला सांगा. तुम्हाला काय वाटतं, काय म्हणाली असेल ती?"

हे विचारताना त्यांच्या आवाजात विनोद नव्हता. चावी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती आणि अंगठ्याने तिची कड पुसत होते. मित्रांनो, माझ्या एकशे अठ्ठाविसाव्या पानावर दीपगृहवाला आपली टोपी अशीच पुसतो. म्हणून मला कळले. बाईंना कळले की नाही, ते त्या वेळी मला सांगता आले नसते. पण त्यांनी मला त्या दिवशी घरी नेले आणि एका बैठकीत वाचून काढले.

पुढच्या शनिवारी घड्याळजींनी स्टुलावरूनच विचारले, "मग?"

बाईंनी उत्तर तयार ठेवले असावे, कारण ते एका दमात आले. "मी खरा शेवट मागवते. मिळाला की आणून देईन. मी स्वतः. तुमच्या दुकानात."

"तुम्ही स्वतः?"

"हो."

"शब्द?"

"शब्द."

घड्याळजी स्टुलावरून उतरले. "मग मला दुकानातली सगळी घड्याळं एका वेळेला लावून ठेवली पाहिजेत," ते म्हणाले. "नाहीतर तुम्ही नेमक्या किती वाजता आलात, ते कळायचं नाही."

त्या दिवशी माझ्या पहिल्या पानावर लाल शाईचा शिक्का बसला: अपूर्ण. आता मला कुणी घरी नेणार नव्हते. मी बाईंच्या टेबलाच्या कपाटात राहायला गेले. माझ्या तारखेच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का घड्याळजींच्या शनिवारचा.

बाईंनी छापखान्याला पत्र घातले. महिन्याने उत्तर आले की छापखाना बंद झाला आणि उरलेसुरले कागद रद्दीत गेले. मावशींनी फळीवर ठेवलेला माझा फर्माही त्यातच गेला असणार. मग बाईंनी दुसऱ्या वाचनालयांना पत्रे लिहिली, एकामागून एक. कुठे माझी बहीण हरवली होती, कुठे भिजून गेली होती. सातव्या पत्राला मात्र जाड पाकीट आले. तिथल्या ग्रंथपालबाईंनी आपल्या प्रतीतली शेवटची सोळा पाने रेघांच्या कागदावर हाताने उतरवून पाठवली होती. सोबत दोनच ओळी: "आमचे वाचक ही पाने फार वाचतात, म्हणून प्रत पाठवता येत नाही. अक्षर गोड मानून घ्यावे."

बाईंनी दार लोटून घेतले आणि ते कागद वाचले. मी समोर टेबलावर उघडी पडले होते. पण कागदांची पाठ माझ्याकडे होती. मला दिसत होता फक्त बाईंचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर जे आले, ते माझ्या एकशे अठ्ठावीस पानांत कुठेच छापलेले नाही. आनंद म्हणावा तर डोळे भरलेले. दुःख म्हणावे तर ओठ हसरे.

एवढे वाचून त्यांनी कागद पाकिटात घातले, आणि मला त्यातली एक ओळही ऐकू आली नाही. त्या मनात वाचत, मित्रांनो. त्या नेहमीच मनात वाचत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला आणि पाकिटाला पिशवीत घातले आणि चौथ्या वळणापर्यंत चालत गेल्या. घड्याळजींच्या दुकानासमोर औषधाचे दुकान होते. त्याच्या पायरीवर त्या उभ्या राहिल्या. पिशवीच्या तोंडातून मला घड्याळजी दिसले: दिव्याखाली वाकलेले, डोळ्याला भिंग. मागे भिंतभर घड्याळे, आणि सगळ्यांचे काटे एका वेळेला. त्यांनी खरेच सगळी लावून ठेवली होती.

"काय हवंय बाई?" औषधवाल्याने विचारले.

बाई दचकल्या. "खोकल्याच्या गोळ्या," त्या म्हणाल्या, आणि गोळ्या घेऊन घरी आल्या.

त्यांना खोकला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. घरी भाऊ आणि वहिनी. वहिनी बोलायला मोकळ्या. खोकल्याच्या गोळ्यांची तिसरी पुडी पाहून त्यांनी विचारले, "वन्सं, तुम्हाला खोकला येतो? मला तर कधी ऐकू आला नाही. की तोसुद्धा मनातल्या मनात खोकता?"

बाई हसल्या आणि एक गोळी तोंडात टाकली.

मग शनिवार आला. घड्याळजी आले, चावी दिली, उतरले. या वेळी वेळ विचारली नाही. "सापडला का शेवट?"

पाकीट खणात होते, माझ्यापासून चार बोटांवर. बाईंचा हात खणाच्या कडीपर्यंत गेला. वाचनालयात तीन वाचक होते आणि तिघेही वर बघत होते.

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

माझा सगळा असहायपणा त्या दोन शब्दांत आहे. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. फडफडता आले असते तर फडफडले असते. पण कपाटातले पुस्तक काय करणार? बाई कधी खोटे बोलत नसत. आणि एकदा बोलल्या, त्याचे त्यांना इतके वाटले की तो शब्द मागे घेण्याचीही त्यांना लाज वाटू लागली. शेवट सापडला म्हणावे, तर "परवा का नाही म्हणालात?" हा प्रश्न आलाच. असे करत एक शनिवार गेला, दुसरा गेला. घड्याळजी विचारत, बाई मान हलवत. पुढे पुढे विचारणेही थांबले. एकदा जाताना ते एवढेच म्हणाले, "राहू द्या बाई. तुम्हाला उगाच त्रास. शेवट मिळाला नाही, तर माणसाने पहिल्या पानावर परत यावं, एवढं ते पुस्तक सांगतंच आहे की."

नंतर वाचनालयात विजेवर चालणारे घड्याळ आले. त्याला चावी लागत नसे.

बाईंचा मात्र नवा नेम सुरू झाला. सकाळी फळी पुसून झाली की त्या मला काढत, एकशे अठ्ठाविसावे पान वाचत, मिटत आणि क्षणभर हात जोडून बसत. त्या दोन खोट्या शब्दांची क्षमा मागत असाव्यात. वर्षे गेली. माझा कागद पिवळा झाला, शिलाई सैल झाली. कोपऱ्याला कसर लागली आणि तिने सव्विसाव्या पानावरचा अख्खा समुद्र खाल्ला. पण एकशे अठ्ठावीस शाबूत राहिले, कारण रोज उजेड पाहणाऱ्या पानाला कसर लागत नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा नव्या लोकांनी कपाटे रिकामी केली. अपूर्ण, फाटकी, जुनी अशी सगळी पुस्तके दोरीने बांधून दाराशी ठेवली. मी त्यांत होते. दोरी माझ्या पाठीत रुतत होती आणि बाहेर गाडी उभी होती. बाई नव्या ग्रंथपालांना किल्ल्या देत होत्या. जाता जाता त्या वाकल्या, गाठ सोडली आणि विचारले, "हे एक मी नेऊ का?"

"न्या की. त्याला काय शेवटसुद्धा नाही," ते म्हणाले.

मी बाईंच्या घरी आले. कपड्यांच्या कपाटात, हिवाळ्याच्या शालीखाली, पाकिटाच्या शेजारी. तिथे नेमही चालू राहिला. फक्त तिथे फार अंधार होता.

या वर्षी वहिनींनी कपाट आवरायला काढले. आता त्याही थकल्या आहेत, पण बोलणे तसेच. शाल झटकताना मी खाली पडले. त्यांनी चित्र पाहिले, भुवया उंचावल्या, आणि शाल तशीच टाकून मला वाचत बसल्या. दुपारभर वाचले. मग हाक आली.

"वन्सं, हे काय? नेमकी बोलायला लागली आणि पुस्तक परत सुरू झालं. पुढे काय?"

बाई दारात उभ्या होत्या. मग त्यांनी सगळे सांगितले. फार नाही, त्यांना फार बोलता येतच नाही. शनिवार, चावी, शब्द, पाकीट, आणि ते दोन खोटे शब्द.

"किती वर्षं झाली?"

"एकतीस."

वहिनी एकदम म्हणाल्या, "म्हणजे त्या खोकल्याच्या गोळ्या..."

बाईंनी मान हलवली. दोघी हसल्या, आणि हसता हसता वहिनींनी डोळे पुसले.

"एक सांगू? रागावू नका," वहिनी म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात गजराचं घड्याळ घेऊन मी त्यांच्याच दुकानात गेले होते. काम आता पुतण्या करतो. ते नुसते दाराशी खुर्चीत बसतात. दृष्टी गेलीय हो त्यांची. जन्मभर त्या भिंगातून बघून बघून. घड्याळ कानाला लावून काय बिघडलंय ते सांगतात, आणि पुतण्या दुरुस्त करतो. मी कुठे राहते ते विचारलं, मी सांगितलं. तर म्हणाले, 'तुमच्या घरातल्या बाईंकडे माझा एक शेवट राहिलाय.' मला वाटलं, म्हातारा काहीतरी बरळतोय. मी हो हो म्हणून आले."

बाई खाली बसल्या.

"आणि दुकान बंद करतायत," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "पुतण्या त्यांना आपल्या गावी नेतोय. या रविवारी."

तो गुरुवार होता.

बाईंनी पाकीट काढले. वहिनींनी हात पुढे केला. "द्या, मी नेऊन देते. पाच मिनिटांचं काम."

"त्यांना वाचता येणार नाही, वहिनी."

"पुतण्या दाखवील वाचून."

बाईंनी पाकीट छातीशी धरले. "नाही. मी स्वतः म्हणाले होते."

"मग तुम्हाला मोठ्याने वाचावं लागेल. भर दुकानात. पुतण्यासमोर. जमेल?"

बाईंनी मला उचलून पाकिटाशेजारी ठेवले.

शुक्रवारी वहिनी बाहेर गेल्यावर बाईंनी दार लावले, मला उघडले आणि एकशे अठ्ठाविसावे पान मोठ्याने वाचायला घेतले. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझे शब्द मी प्रथमच बाईंच्या आवाजात ऐकले. आधी आवाज फुटेना. मग कापरा. तिसऱ्या वेळी जरा सरळ. "तिने मान वर केली आणि ती म्हणाली," इथपर्यंत त्या येत आणि थांबत. मी वाट पाहत होते. पाकीट शेजारीच होते. पण ते त्यांनी उघडले नाही.

"पुढचं तिथेच," त्या स्वतःशी म्हणाल्या.

आता मला जे मागायचे आहे, ते इथेच मागून घेते, कारण पुढे बोलायला मिळेल की नाही कोण जाणे. मित्रांनो, पुस्तक हातात घ्याल तेव्हा त्याचे शेवटचे पान जागेवर आहे का, ते आधी बघा. नसेल तर त्याला टाकून देऊ नका. कुठेतरी त्याचा एक फर्मा फळीवर वाट बघत असतो. पुस्तकाचा कान दुमडू नका, थुंकी लावून पान उलटू नका, ओल्या भिंतीशी त्याला टेकवू नका. आणि कुणी तुम्हाला काही विचारले, तर उत्तर फार दिवस खणात ठेवू नका. पुस्तकाला हात नाहीत म्हणून ते मिटून राहते. तुम्हाला आहेत.

आज शनिवार. साडेतीन वाजले तेव्हा बाईंनी मला काढले, फडक्याने पुसले आणि शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी उघडली. शिक्का त्यांच्याकडे नाही. त्यांनी पेन्सिल घेतली आणि घड्याळजींच्या त्या जुन्या तारखेखाली आजची तारीख लिहिली, अक्षर अगदी तेच, बारीक आणि सरळ. एकतीस वर्षांनी मी कुणासाठी तरी घराबाहेर निघाले होते.

मग पाकिटातले कागद काढून त्यांनी माझ्या एकशे अठ्ठाविसाव्या पानामागे ठेवले, दुसऱ्यांदा आलेल्या पहिल्या पानाच्या आधी. माझे मिटलेले अंग त्या रेघांच्या कागदांना प्रथमच टेकले. त्यांवर काय लिहिले आहे, ते मला अजून ठाऊक नाही. घडीत असलेला कागद पुस्तकालाही वाचता येत नाही. ती हो म्हणाली असेल, नाही म्हणाली असेल, किंवा नेहमीसारखे नुसते "बरं" म्हणाली असेल. आणि ती काही म्हणाली असली, तरी दुकानाच्या पायरीवर बाईंचा आवाज फुटेल का, हेही मला ठाऊक नाही. मी काहीच करू शकत नाही. पिशवीत पडून राहू शकते, एवढेच.

वहिनी दारापर्यंत आल्या. "मी येऊ का बरोबर?"

"नको."

"बरं. आणि हे बघा, औषधाच्या दुकानाच्या बाजूने जाऊ नका. पलीकडून जा."

बाई किंचित हसल्या. चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि दाराच्या कडीवर हात ठेवून क्षणभर डोळे मिटले.

"येते," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरू लागल्या.